चार मशीनं आणि नवी विंडोज

किस्से कुणी ठरवून जमवत नाही, ते आपोआप साचतात. वसमतच्या बसस्टँडजवळ, बी-बियाणांच्या एका दुकानाच्या माडीवर आमचा कंप्युटर क्लास होता. तिथं मी अकरा वर्षं शिकवलं. काय शिकवलं ते आता कुणाला आठवत नाही, खरं तर मलाही नाही. पण एखाद्या लग्नात जुने विद्यार्थी भेटले की अक्षता पडायच्या आत कुणीतरी म्हणतंच, “मॅडम, ते रईस सरांच्या तापाचं सांगा ना.” एक सांगितला की दुसरा निघतो, आणि पंगत उठली तरी आमचं चालूच असतं.

आधी माणसं सांगते. फार नाहीत. क्लासचे मालक पत्तेवार सर. त्यांची आधी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. सत्त्याण्णवच्या सुमारास त्यांनी टायपरायटर काढून टाकले आणि चार कंप्युटर आणले, पण सवयी टायपरायटरच्याच राहिल्या. कंप्युटरला ते कायम ‘मशीन’ म्हणायचे आणि संध्याकाळी चारही मशीनांवर स्वतःच्या हातानं कापडी खोळ चढवूनच घरी जायचे. मग आम्हीही मशीनच म्हणू लागलो. दुरुस्तीला रईस. तो नांदेडला शिकून आलेला, माझ्याच वयाचा, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर लावणारा. शिकवायला मी, मोरे मॅडम.

जुनी विंडोज काढून नवी टाकायची, म्हणजे आमच्या भाषेत ‘विंडोज मारायची’, हे त्या काळातलं आमचं मोठं काम. किस्से झाले ते बहुतेक त्यातूनच.

*

पंच्याण्णवची विंडोज जाऊन अठ्ठ्याण्णवची आली तेव्हा मोंढ्यातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्यानं त्याचं मशीन हातगाड्यावर घालून आमच्याकडे पाठवलं. नवी विंडोज मारायची होती. रईसनं सीडी घातली. मशीननं ती घेतली, घरघर केली आणि परत बाहेर दिली. तीनदा असं झालं.

रईसनं झाकण उघडलं. आत सगळं पिवळं. पंखा पिवळा, वायरी पिवळ्या, सीडीच्या खाचेत तर बोटभर थर. हळदीचे लिलाव चालायचे त्या ओट्याला लागूनच शेठची गादी होती, आणि पंखा वर्षभर ती धूळ आत ओढत होता. दोन तास ब्रश मारून रईसचे हात पिवळे झाले, माझी ओढणीसुद्धा.

संध्याकाळी शेठ स्वतः चौकशीला आले. गंभीर स्वभावाचा माणूस. काय बिघडलंय म्हणून त्यांनी विचारलं. रईस म्हणाला, “शेठ, बिघडलं काहीच न्हाई. तुमच्या मशीनला हळद लागली. आता लगीन लावूनच पाठवतो.”

शेठ हसले नाहीत. मान हलवून गेले. मला वाटलं, राग आला असणार, गिऱ्हाईक गेलं. तिसऱ्या दिवशी नवी विंडोज पडल्यावर ते मशीन न्यायला आले, हातात नारळ आणि पेढ्याचा पुडा. मशीन हातगाड्यावर चढवलं, नारळ रईसच्या हातात दिला, आणि तितक्याच गंभीरपणे विचारलं, “सोयरे कुठले म्हणायचे?”

*

अठ्ठ्याण्णव टाकताना मशीन पंचवीस अक्षरांचा एक नंबर मागायचं. तो सीडीच्या पाकिटावर छापलेला असे. सरांच्या लेखी ते पाकीट म्हणजे कागदपत्र, आणि कागदपत्राची जागा घरातल्या कपाटात. त्यामुळे विंडोज मारताना अर्ध्यात थांबायचं, कुणीतरी सायकल काढायची, सरांच्या घरी जायचं. सर कधी देवपूजेत, कधी जेवायला बसलेले. पाकीट हातात मिळायचं नाहीच. सर कपाटासमोर उभं राहून नंबर वाचून दाखवायचे आणि आपण लिहून घ्यायचा. तो कागदही काम झालं की फाडायचा.

दहाव्या खेपेला रईस वैतागला आणि त्यानं तो नंबर पाठच करून टाकला. पाढे म्हणावेत तसा तो भरभर म्हणायचा.

त्याच पावसाळ्यात त्याला टायफॉइड झाला आणि दवाखान्यात ठेवलं. मी मोसंब्या घेऊन गेले तर त्याची अम्मी दाराशी डोळे पुसत उभी. डॉक्टर म्हणाले, सकाळपासून काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि आकडे बडबडतोय, अर्थ लागत नाही, ताप डोक्यात तर गेला नाही ना याची काळजी वाटते. मी कॉटजवळ बसून ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग माझाच जीव भांड्यात पडला.

“काळजी करू नका डॉक्टर,” मी म्हटलं. “एकही अक्षर चुकलेलं नाही.”

*

आता कमळाबाई.

दोन हजार चारच्या आसपास कळलं की सरकारी कंप्युटर परीक्षा यापुढे नव्या एक्सपी विंडोजवर होणार. आमच्या चारही मशीनांवर अजून अठ्ठ्याण्णवच. सर आठ दिवस खर्चाचे आकडे मांडत होते. पण सर्वांत जास्त धसका घेतला तो कमळाबाई राठोड यांनी.

शिरड शहापूरच्या पुढं त्यांचा तांडा. तिकडच्याच एका आश्रमशाळेत त्या शिपाई होत्या. वय चाळिशीच्या पुढं, लग्नानंतर हट्टानं दहावी पास झालेल्या. शाळेतला क्लार्क जूनमध्ये रिटायर होणार होता. संस्थेनं सांगितलं होतं, या खेपेला कंप्युटरची परीक्षा पास झालात तर ती जागा तुमची, नाहीतर बाहेरून माणूस घेऊ. म्हणजे संधी एकच. मी विचारलं होतं, एवढी धडपड कशाला करता, नोकरी तर आहेच. त्या म्हणाल्या, “अठरा साल म्या घंटी वाजवली, मॅडम. आता खुर्चीवर बसून दुसऱ्यानं वाजवलेली ऐकावं म्हणते.”

त्यांची शिकायची रीत निराळी होती. इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखू यायची, पण शब्द वाचायला गेलं की त्या अडकायच्या. म्हणून त्या वाचायच्याच नाहीत, मोजायच्या. तांड्यातल्या बाया कापडावर भरतकाम करतात ते धागे मोजून, घरं मोजून. तसंच यांनी पडद्याचं केलं. वहीत चौकटी काढलेल्या आणि त्यात फुल्या. खालून तिसरं घर, मग उजवीकडं, मग वरून दुसरं, की पत्र लिहायचा कागद उघडला. कॉलेजची पोरं शोधत बसायची, तोवर बाईंचं अर्धं मराठी पत्र टाईप झालेलं असे.

नवी विंडोज येणार हे कळल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, “घरं तीच राहतील ना, मॅडम?”

मी नीट विचारही न करता सांगून टाकलं, राहतील की. ते वाक्य मला पुढं फार महागात पडलं.

*

एक्सपी टाकायला नांदेडहून जास्तीची रॅम आणली. सीडी घातली की पडद्यावर डावीकडे लिहून यायचं, साधारण एकोणचाळीस मिनिटं लागतील. आमच्या गावात लागोपाठ एकोणचाळीस मिनिटं लाईट राहणं ही मोठी गोष्ट होती. लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असे, पण लाईटनं ते वाचलेलं नसे. दोन मशीनं अर्ध्यातच बंद पडली. त्यांच्यावर जुनी विंडोजही राहिली नाही आणि नवीही आली नाही. कमळाबाईंचं मशीन त्यातलंच एक. त्या रोज यायच्या, काळ्या पडद्यासमोर बसून नुसता कीबोर्ड बडवायच्या आणि दुपारच्या जीपनं परत जायच्या.

शेवटी सर सबस्टेशनवर गेले. तिथले ऑपरेटर चव्हाण म्हणून होते. ते म्हणाले, लाईन माझ्या हातात नसते, पण उद्या बाराला आली तर दोनपर्यंत जायची नाही एवढं सांगतो. शिवाय तासभर लाईट खाणारं हे आहे तरी काय, ते बघायला दुसऱ्या दिवशी, सुट्टी असूनही, ते स्वतःच माडीवर आले.

बाराला लाईट आली. रईसनं सीडी घातली. चव्हाण खुर्ची ओढून समोर बसले. एकोणचाळीस. सदतीस. चौतीस. मग चौतीसच. चहा झाला, पान झालं, तरी चौतीस.

चव्हाणांनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. “हे पंधरा मिनटापासून चौतीसच सांगून राहिलं.”

रईस म्हणाला, ते अंदाजे असतं, कमीजास्त होतंच.

चव्हाण माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मनापासून दुःख होतं. “मग मॅडम, लोकं आमालाच काहून बोलतात? आमी बी अंदाजेच सांगतो.”

*

एक्सपी आली आणि तिच्याबरोबर ते चित्र आलं. हिरवागार चढ, वर निळं आभाळ, पांढरे ढग. चारही मशीनांवर तेच. सर इतके खूश की दिवसभर खोळी काढून ठेवू लागले.

पोरीचं नाव घालायला आलेले एक शेतकरी त्या चित्रासमोर थबकले. हे शिवार कुठलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, परदेशातलं असावं. पेरलंय काय? मी म्हटलं, काही नाही, नुसतं गवत दिसतंय. म्हणजे गायरान, ते म्हणाले. मी म्हटलं, असेल.

ते जवळ गेले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. पोरगी ओशाळून त्यांचा सदरा ओढत होती.

“एवढं गायरान,” ते म्हणाले, “अन् अजून एकाचंबी अतिक्रमण न्हाई?”

*

कमळाबाई नव्या विंडोजसमोर पहिल्यांदा बसल्या तो दिवस मी विसरणार नाही. त्यांनी वही उघडली, खालून तिसरं घर मोजलं आणि दाबलं. भलतंच काहीतरी उघडलं. बंद केलं, पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावल्या नव्हत्या. आपण चार दिवस गावाला जावं आणि मागं पाहुणीनं स्वयंपाकघर लावून ठेवावं, तसा चेहरा.

रईस म्हणाला, “मावशी, मी हे जुन्यावानी दिसंल असं करून देतो. एका मिनटाचं काम हाय.” खरंच तशी सोय होती. पण बाई नको म्हणाल्या. परीक्षेच्या जागी कोण करून देणार? नवंच मोजते, म्हणाल्या. आठ दिवसांत त्यांनी नव्या चौकटी काढल्या, नव्या फुल्या मारल्या. आता हात बसला म्हणेपर्यंत नवव्या दिवशी पुन्हा सगळं चुकलं.

त्या विंडोजची एक खोड होती. जे काम आपण जास्त करतो ते ती यादीत आपणहून वर सरकवायची. सकाळच्या बॅचच्या पोरांनी गेम खेळून खेळून ते पत्त्यांचं चित्र वर चढवलं होतं आणि बाईंचं पत्र पाचव्या घरात जाऊन बसलं होतं.

“हे रोज जागा बदलून राहिलं, मॅडम,” त्या म्हणाल्या. “माणसावानी झालं हे.”

मला वाईट वाटलं. घरं तीच राहतील असं मीच सांगितलं होतं. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. मी आपली चुकले-माकले असं काहीतरी म्हणत होते, तेवढ्यात त्यांनी वही मिटली, पिशवीत टाकली आणि त्या पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या. बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागल्या. डब्ल्यू. ओ. आर. डी.  सर दारात थांबले. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी मान वर केली.

“शब्दांच्या जागा बदलतात,” त्या म्हणाल्या, “शब्द न्हाई बदलत.”

त्यानंतर त्यांनी वही आणली नाही. मी अकरा वर्षं शिकवलं म्हणते, पण त्या बाईंना वाचायला शिकवलं ते त्या खोडकर यादीनं, हे मी मान्य करते.

*

परीक्षा हिंगोलीला, एका शाळेत. आमचे सहा जण होते. सकाळच्या एसटीनं गेलो. मी सोबत होते, पण हॉलमध्ये बाहेरच्यांना बंदी, म्हणून व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिले. परीक्षक एका कॉलेजात इतिहास शिकवणारे सज्जन गृहस्थ होते. हे काम त्यांच्या गळ्यात पडलेलं दिसत होतं.

कमळाबाईंनी पत्र लिहिलं. तक्ता काढला. प्रिंट नीट आली नाही, शाई वाळलेली, ते गुण बुडाल्यातच जमा. मग परीक्षक म्हणाले, आता मशीन बंद करून दाखवा.

इथं माझी चूक सांगायला हवी. आमच्या मशीनांवर विंडोज नवी आली होती, पण डबे जुनेच होते. बंद करायला सांगितलं की पडद्यावर एक ओळ यायची, आता कंप्युटर बंद करायला हरकत नाही, आणि मग आपण हातानं बटण दाबायचं. ओळ आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हे मी प्रत्येकाला बजावलेलं. शाळेतली मशीनं कोरी, त्याच महिन्यात सरकारकडून आलेली. ती आपोआप बंद होत. हे सांगायचं मी साफ विसरले होते.

पडदा काळा झाल्यावर आमची बाकीची पोरं खुशीत उठून बाहेर आली. कमळाबाई उठल्या नाहीत. एक बोट बटणापाशी धरून त्या ओळीची वाट पाहत बसल्या. ओळ आली नाही. पाच मिनिटं गेली. तशाच उठून गेल्या असत्या तर कुणी विचारलंही नसतं. पण त्या परीक्षकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, मशीन माझ्या हातून गेलं. ओळ आली न्हाई.”

कसली ओळ, हे परीक्षकांना माहीत नव्हतं. त्यांनी कीबोर्डची दोन-तीन बटणं दाबून पाहिली. पडदा काळा, आवाज नाही, दिवा नाही. त्यांनी हेडमास्तरांना बोलावणं पाठवलं. मी खिडकीतून म्हटलं, “सर, ते नुसतं बंद—” त्यांनी हात वर केला. “बाहेरच्यांनी मध्ये बोलायचं नाही.” नियमानं ते बरोबरच होते.

हेडमास्तर आले. शाळेचे क्लार्क आले. सरकारी वस्तू आहे, पंचनामा करून ठेवलेला बरा, असं क्लार्क म्हणाले आणि कार्बन घालून लिहायलाही बसले. क्लार्कच्या हिशेबानं पंच म्हणजे पाच हवेत. हेडमास्तर, शिपाई, वॉचमन, समोरचा चहावाला असे चार झाले. पाचवा मिळेना. मग मला आत बोलावलं. बोलायला बंदी होती, सहीला नव्हती.

क्लार्कनी वाचून दाखवलं: सदर संगणक उमेदवार श्रीमती कमळाबाई राठोड यांच्या हस्ते बंद झाला असून, तो पूर्णपणे बंद असल्याची खात्री आम्ही पंचांनी समक्ष केली आहे. पडद्यावर काही दिसत नाही. आवाज येत नाही. दिवा लागत नाही.

त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी सही केली. सही झाल्यावर म्हटलं, आता बटण दाबून दाखवू का? क्लार्क म्हणाले, पंचनाम्यातल्या वस्तूला हात लावता येत नाही. आणि त्यांनी मशीनवर कागदाची पट्टी डकवली.

परतीच्या एसटीत बाई खिडकीकडं तोंड करून रडत होत्या. नोकरीचं जाऊ द्या म्हणाल्या, पण लेकरांसाठी आलेलं मशीन आपल्या हातून गेलं. मी औंढ्यापर्यंत समजावत होते की त्याला काही झालेलं नाही, नवी मशीनं अशीच बंद होतात, चूक माझी आहे, मी सांगायला विसरले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग डोळे पुसून माझ्याकडं पाहिलं.

“मग तुमी सही काहून केली?”



महिन्यानं निकाल आला. सरांनी पाकीट फोडलं आणि माझ्या हातात दिलं. कमळाबाई काठावर पास होत्या. प्रिंटला दहापैकी दोन. आमच्या बाकीच्या पाचही जणांना मशीन बंद करण्याचे दहापैकी सहा किंवा सात होते. कमळाबाईंच्या त्या रकान्यात दहापैकी दहा, आणि पुढं शेऱ्यात लिहिलं होतं: पाच पंचांनी खात्री केली. पंचनामा सोबत जोडला आहे.